औषधजन्य मेनिंजायटिस : निदान कोठे अडते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून.)



आरोग्याच्या प्रश्नावर बोला, असे आपल्या चिटणिसांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात सरकारी रुग्णालयांतील रिकाम्या जागा, औषधांच्या किमती, खाजगीकरण असे विषय असावेत. त्या विषयांवर आपण नेहमी बोलतो, ठरावही करतो आणि ते करावयासच हवेत. मी मात्र आज एक लहानसा, आडबाजूचा वाटावा असा विषय घेऊन आलो आहे. रोग विरळा आहे. त्याचे नाव अवघड आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो आयुष्यात एकदाही पाहावयास मिळणार नाही. तरीही तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या एका रोग्याने मला स्वतःच्या धंद्याविषयी सर्वांत अधिक शिकविले, तो रोगी ह्याच रोगाचा होता. म्हणून तो येथे मांडतो.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ पडद्यांची आवरणे असतात आणि त्या पडद्यांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. ह्या आवरणांना सूज आली म्हणजे तिला मेनिंजायटिस म्हणतात. आपल्या कोशांतून मस्तिष्कावरणशोथ असा शब्द आढळतो. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे आणि मान लाकडासारखी ताठ होणे ही त्याची लक्षणे. हा दाह जिवाणूंमुळे झाला असेल, तर रोगी काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. विषाणूंमुळे झाला असेल, तर बहुधा आपोआप बरा होतो. क्षयाच्या जंतूंमुळे झाला असेल, तर तो दबकत येतो आणि वेळेवर ओळखला नाही तर ठार करतो किंवा कायमचे अपंगत्व देऊन जातो. ह्या तिघांची ओळख वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच होते. ज्याची ओळख नीट करून दिली जात नाही असा चौथा प्रकार आहे. त्यात पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात दाहाच्या सर्व खुणा असतात, पण जंतू सापडत नाही. कारण जंतू मुळात नसतोच. रोग्याने घेतलेल्या औषधानेच तो दाह उत्पन्न केलेला असतो.

आता त्या रोग्याविषयी. यंत्रमागाच्या एका गावी कांड्या भरण्याचे काम करणारी तिशीतील बाई. तिला ताप, डोकेदुखी आणि ताठलेली मान अशा अवस्थेत जिल्ह्याच्या रुग्णालयात आणले. पाठीतील पाणी काढले. निरोगी माणसात त्या पाण्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये पाचांहून अधिक पांढऱ्या पेशी नसतात. हिच्यात नऊशेच्या घरात होत्या आणि त्यांतील बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढताना ज्या पुढे येतात त्या. प्रथिने वाढलेली. साखर मात्र ठीक होती. रीतसर प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू झाली. तिसऱ्या दिवशी बाई उठून बसली. पाण्यातून जंतू वाढविण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला, तेव्हा "आधी कुठेतरी औषध घेतले असेल, म्हणून जंतू सापडत नाही," असा शेरा पडला. इंजेक्शनांचा पुरा क्रम संपवून ती घरी गेली. दोन आठवड्यांची मजुरी बुडाली आणि बाहेरच्या तपासण्यांसाठी पतपेढीचे कर्ज झाले, ह्याची नोंद केसपेपरवर करण्याची पद्धत नाही.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. तीच लक्षणे, तसेच पाणी. ह्या वेळी तिला तपासणारा डॉक्टर मी होतो. मीही तेच केले आणि तीही तशीच झपाट्याने बरी झाली. आमच्या इंजेक्शनांना यश आले, असे मला वाटले. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा वरिष्ठांनी क्षयाची शंका घेतली. पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या मेनिंजायटिसात आपल्या देशात ती शंका न घेणे हाच हलगर्जीपणा ठरला असता. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि मेंदूच्या क्षयात पाण्याची तपासणी पुष्कळदा नकारार्थी येते. जलद जनुकीय चाचणी नकारार्थी आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा क्षयाची औषधे सुरू झाली. हा उपचार नऊ ते बारा महिन्यांचा असतो आणि त्यातील गोळ्या यकृताला जड जातात.

ही साखळी तोडली ती आमच्या वॉर्डातील एका सिस्टरने. रात्रपाळीत बाईशी बोलत असता तिने सहज विचारले, "दर वेळी ताप येण्याच्या आधी तू काय केले होतेस?" बाई म्हणाली, "काही नाही, सांधे धरले होते, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून पुडी आणली होती." दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने ती पुडी आणून दिली. कागदात दोन सुट्या गोळ्या, एक पांढरी व एक नारिंगी. त्यांवर नाव नाही, कागदावरही नाही. भाऊ त्या डॉक्टरांकडे गेला, तर ते आधी रागावले. आपल्यावर आळ येतो आहे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. मग मी स्वतः गेलो तेव्हा त्यांनी डबा काढून दाखविला. नारिंगी गोळी आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटेमॉल यांच्या मिश्रणाची होती. तिन्ही वेळा तीच दिली होती. तिन्ही वेळा गोळी घेतल्यापासून काही तासांत हुडहुडी भरून डोके दुखू लागले होते आणि तिसऱ्या वेळी तर दोन तासांतच.

पुढील तपासणीत सांधेदुखीचे मूळही सापडले. तिला ल्युपस होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते असा हा आजार आहे. क्षयाचा कोणताही पुरावा मिळाला नाही, तेव्हा वरिष्ठांनी सर्व कागद पुन्हा तपासून क्षयाची औषधे थांबविली. मेनिंजायटिस पुन्हा झाला नाही.

मित्रहो, ह्यात अज्ञात असे काहीच नव्हते. आयब्युप्रोफेन हे औषध इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे बूट्स कंपनीच्या प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट ॲडम्स व त्यांचे सहकारी जॉन निकल्सन यांनी शोधले. १९६९ साली ते तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकले जाऊ लागले आणि १९८३ साली चिठ्ठीविना. ल्युपसच्या रोग्यात ह्या औषधामुळे मेनिंजायटिस झाल्याचे अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९७८ साली छापून आले होते. म्हणजे चिठ्ठीची अट उठण्याच्या पाच वर्षे आधी. २००६ साली तोवर प्रसिद्ध झालेल्या घटना एकत्र करण्यात आल्या, तेव्हा ३६ रोग्यांत मिळून ७१ वेळा हा प्रकार घडल्याचे दिसले. आकडा लहान आहे. परंतु ३६ माणसांना ७१ वेळा, याचा अर्थ नीट पाहावा. पुष्कळांना एकदा होऊन गेल्यावर पुन्हा तेच औषध मिळाले. पहिल्या वेळी कोणी ओळखले नाही, म्हणून दुसरी वेळ आली. त्या रोग्यांत निम्म्याहून अधिक जणांना ल्युपससारखे आजार होते, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

केवळ वेदनाशामकांचीच ही गोष्ट नाही. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल यांचे मिश्रण, ज्याला आपण कोट्रायमोक्साझोल म्हणून ओळखतो, त्यानेही हा दाह होतो. १९८३ साली त्याची नोंद झाली. एचआयव्हीच्या रोग्यांना हे औषध संरक्षक म्हणून दीर्घकाळ द्यावे लागते आणि त्याच रोग्यांत क्षयाचा व बुरशीचा मेनिंजायटिसही होतो. तेव्हा डॉक्टरची अडचण केवढी असेल, ह्याची कल्पना करा. शिरेतून द्यावयाची इम्युनोग्लोब्युलिन ही महागडी रक्तजन्य औषधी घ्या. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती दिलेल्या ५४ रोग्यांपैकी सहा जणांना असा मेनिंजायटिस झाला आणि अर्धशिशी असणाऱ्यांत तो विशेष आढळला. अपस्मारासाठी आणि मनाच्या काही आजारांसाठी दिले जाणारे लॅमोट्रिजिन हे आणखी एक. ते १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बाजारात आले आणि तेथील औषधनियंत्रकांनी ह्या धोक्याची सूचना काढली ती २०१० च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात त्यांच्याकडे ४० घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ३५ रोग्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि १५ जणांत औषध पुन्हा सुरू करताच रोग परतला. ह्याच काळात त्या औषधाच्या साडेचार कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर येथून जाऊन कोणी आपल्या घरच्या अपस्माराच्या रोग्याच्या गोळ्या बंद करावयाचा. ते औषध एकाएकी थांबविले तर झटके उसळतात. डॉक्टरला विचारल्यावाचून कोणीही त्यास हात लावू नये.

आता निदान अवघड का, ह्याकडे वळतो.

पहिली अडचण पाण्याच्या तपासणीची आहे. औषधजन्य मेनिंजायटिसात पेशी शेकड्यांनी, क्वचित हजारांनी वाढतात आणि अनेकदा त्या न्यूट्रोफिलच असतात; म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवाणूजन्य रोगासारखाच दिसतो. साखर बहुधा कमी झालेली नसते, हा एक दुवा. परंतु आपल्याकडचा रोगी रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या पोटात कोणते ना कोणते प्रतिजैविक आधीच गेलेले असते. त्यामुळे खऱ्या जिवाणूजन्य रोगातही जंतू वाढत नाही आणि पाण्याचे चित्र पुसट होते. 'अर्धवट उपचार झालेला जिवाणूजन्य मेनिंजायटिस' हा शेरा आमच्याकडे इतका सर्रास मारला जातो, की त्याखाली काहीही दडू शकते. माझ्या रोग्याचा पहिला शेरा तोच होता आणि तो चुकीचा आहे असे म्हणावयास कोणाजवळही त्या वेळी आधार नव्हता.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती बुद्धीला फसविते. वेदनाशामक गोळी माणूस कशासाठी घेतो? ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी यांसाठी. आणि औषधजन्य मेनिंजायटिसाची लक्षणे कोणती? तीच. रोग्याला विचारले, तर तो म्हणणार, "ताप आला म्हणून गोळी घेतली." गोळी आधी की ताप आधी, हे त्यालाही आठवत नाही. डॉक्टरलाही ते विचारावेसे वाटत नाही, कारण तापासाठी गोळी घेणे ही जगरहाटीच आहे. कार्य कारणाच्या आधी उभे केलेले असते. त्याहून वाईट म्हणजे रुग्णालयात ताप उतरविण्यासाठी तेच औषध पुन्हा दिले जाण्याचा संभव असतो. ते दिले नाही, तर रोगी दोन-तीन दिवसांत सुधारतो आणि श्रेय जाते चालू असलेल्या इंजेक्शनांना. तो सुधारला एक औषध बंद झाल्यामुळे आणि आपण म्हणतो, दुसरे सुरू केल्यामुळे. ह्या भ्रमात मी स्वतः होतो, हे मघा सांगितलेच.

ल्युपसच्या रोग्यात आणखी एक पेच असतो. तो आजार स्वतःच कधीकधी मेंदूवर उतरतो. तेव्हा जाणकार डॉक्टरसुद्धा दाहाचे खापर आजारावर फोडतो आणि स्टेरॉइड वाढवितो. सगळेच उपचार वाढत जातात. कमी करावयाचे असते ते मात्र कोणाला सुचत नाही.

ह्या रोगाला सिद्ध करणारी चाचणी नाही. रक्तात वा पाण्यात पाहून 'हे औषधाने झाले' असे सांगणारे यंत्र कोठेही नाही, मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयातही नाही. तेच औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहणे हा एक पुरावा ठरेल, पण जाणूनबुजून तसे करणे सामान्यतः नीतीला धरून होणार नाही. ते घडते ते अपघाताने, माझ्या रोग्याच्या बाबतीत घडले तसे. म्हणजे उरते काय? इतर कारणे एकेक करून वगळणे आणि रोग्याने काय घेतले, केव्हा घेतले, त्यानंतर किती वेळाने काय झाले, ही हकिकत. संपूर्ण निदान ह्या हकिकतीवर उभे असते.

एक गैरसमज मात्र कोणाच्या मनात राहू नये. मान ताठलेल्या, तापाने फणफणलेल्या माणसाला 'गोळीमुळे झाले असेल' म्हणून घरी ठेवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. जिवाणूजन्य मेनिंजायटिसात तासांचा हिशेब असतो. रुग्णालयात नेलेच पाहिजे, आणि संशय असेल तोवर प्रतिजैविके दिलीच पाहिजेत. आमच्या रुग्णालयाने पहिल्या वेळी जे केले ते बरोबर होते. चूक झाली ती नंतर, शेरा मारून कागद बंद केला तेव्हा.

तर मग ही हकिकत आपल्या देशात रोग्याच्या तोंडून का निघत नाही? रोगी अडाणी असतात, असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या बाईला तिन्ही वेळच्या तारखा आठवत होत्या, कारण त्या तारखांना तिचे काम बुडाले होते. तिला माहीत नव्हते ते फक्त गोळीचे नाव आणि ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला औषध द्यावे, ह्याला कायद्याची मुभा आहे आणि खेड्यापाड्यांतून व कामगार वस्त्यांतून ती एक सोयही आहे. पण ते कागदाच्या पुडीत, नावावाचून द्यावे, ह्यात कोणाची सोय आहे? औषधाच्या दुकानात जा. दहा गोळ्यांची पट्टी असते, रोग्याजवळ चार गोळ्यांचे पैसे असतात. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. नाव व मुदत ज्या बाजूला छापलेली असते ती बाजू बहुधा दुकानातच राहते. ज्याच्याजवळ पुरी पट्टी घेण्याचे पैसे असतात त्यालाच औषधाचे नाव मिळते. गरिबीचा हा पैलू आपल्या ठरावांत अजून आलेला नाही.

आणि नाव मिळाले तरी ते कोणते? कंपनीचे. एकाच द्रव्याची शेकडो व्यापारी नावे. त्यांत मिश्रणे. एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन द्रव्ये. 'मला आयब्युप्रोफेन चालत नाही' असे ज्याला पाठ आहे, त्यालाही समोरच्या चकचकीत नावाच्या गोळीत ते आहे की नाही हे ओळखता येत नाही. ह्या प्रश्नाला आपल्या चळवळीत इतिहास आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली अहवाल दिला, त्यात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकून औषधे त्यांच्या मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस होती. १९७८ साली जनता राजवटीने औषधधोरण जाहीर केले, तेव्हा पाच औषधांपुरता तो प्रयोग करावयाचे ठरले आणि तेवढेही कंपन्यांनी न्यायालयात नेले. त्या वेळी आपण त्या शिफारशीचे समर्थन किमतीच्या मुद्द्यावर केले. ते योग्यच होते. पण मूळ नाव हा निदानाचाही भाग आहे, हे आपण पुरेसे बोललो नाही आणि डॉक्टर मंडळींना पटेल असा मुद्दा कदाचित तोच होता.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. औषधाचे मूळ नाव व्यापारी नावाहून मोठ्या अक्षरांत छापावे, असा नियम २०१८ साली अमलात आला. अवास्तव मिश्रणांपैकी ३४४ वर केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये बंदी घातली, ती दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पुन्हा छाननी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मूळ नावच लिहावे, असा दंडक राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. ह्या स्थगितीच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यांतील एक खरा आहे, हे मान्य करावयास हवे : मूळ नावाने मिळणाऱ्या सर्व औषधांच्या गुणवत्तेची खात्री देणारी यंत्रणा सरकारने उभी केलेली नाही. परंतु तो यंत्रणा उभी करण्याच्या बाजूचा युक्तिवाद झाला. नाव लपविण्याच्या बाजूचा तो कसा होतो, हे मला समजलेले नाही.

नावाखालोखाल येते ती नोंद. येथे मला पुन्हा नॉटिंगहॅमला जावे लागते. १९८८ साली इंग्लंडमध्ये गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांची एकत्रित लस मुलांना देण्यास सुरुवात झाली. त्यांतील काही लसींमध्ये गालगुंडाच्या विषाणूचा 'उराबे' नावाचा वाण होता. त्यामुळे काही मुलांना सौम्य मेनिंजायटिस होत असल्याचे नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. हा दाह लसीतील दुर्बळ विषाणूचा, म्हणजे आयब्युप्रोफेनच्या दाहाहून वेगळ्या जातीचा. पण निदानाचा प्रश्न तोच, हे कशानंतर झाले? तेथे सार्वजनिक आरोग्यसेवा असल्याने कोणत्या मुलाला कोणती लस कधी दिली, ह्याची नोंद होती आणि रुग्णालयातील तपासण्यांची नोंदही होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा सुमारे अकरा हजार डोसांमागे एक असे प्रमाण निघाले. डॉक्टरांनी आपण होऊन पाठविलेल्या सूचनांवरून जो अंदाज आधी बांधला होता, त्याहून ते पुष्कळ अधिक होते. १९९२ च्या सप्टेंबरात त्या वाणाच्या लसी तेथे बंद झाल्या, निर्धोक वाणाची लस चालू राहिली, आणि मुलांचे लसीकरण थांबले नाही. लस थांबली असती तर गोवराने त्याहून कितीतरी अधिक मुले दगावली असती. दोष शोधणे आणि लोकांचा विश्वास राखणे ही दोन्ही कामे एकाच वहीने केली.

आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१० साली सुरू झाली. पुढील वर्षी तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आले. वैद्यकीय महाविद्यालयांतून तिची नोंदणी-केंद्रे आहेत. डॉक्टरच नव्हे, तर स्वतः रोगी वा त्याचा नातेवाईकही तेथे कळवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. येथे बसलेल्यांपैकी किती जणांना तो ठाऊक होता, हे मी हात वर करावयास सांगून विचारत नाही, कारण मला स्वतःला तो त्या बाईच्या प्रकरणानंतर ठाऊक झाला.

कार्यकर्त्यांनी काय करावे, असे मला येथे विचारले जाईलच. तुम्ही डॉक्टर व्हावे, असे माझे म्हणणे नाही. तुमच्या वस्तीतील दवाखान्यात जाऊन पुडीवर औषधाचे नाव लिहून द्या, एवढी विनंती चार माणसांनी नम्रपणे केली, तर बहुतेक डॉक्टर ती मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. पहिले दोन दिवस कुरकुर होते इतकेच. दुकानदाराला पट्टी कापताना नावाची बाजू गिऱ्हाइकाला द्यावयास सांगता येते, आणि दोन्ही बाजू कापल्या गेल्या असतील तर नाव बिलावर लिहून मागता येते. रोगी रुग्णालयात नेताना घरातील सर्व गोळ्या, पुड्या, रिकाम्या पट्ट्या, काढे, चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. अमुक गोळी कधी घेतली आणि त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर तासांसह लिहून न्यावे. ते डॉक्टर वाचणार नाहीत, असे वाटले तर सिस्टरच्या हाती द्यावे. हे मी विनोदाने म्हणत नाही.

त्या बाईची एक हकिकत सांगून थांबतो. तिला आम्ही एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिले होते, 'आयब्युप्रोफेन व त्या जातीची इतर वेदनाशामके डॉक्टरांना हे दाखविल्याखेरीज घेऊ नयेत', आणि खाली तिन्ही वेळच्या तारखा. पुष्कळ दिवसांनी तिने दाढ काढून घेतली. दाताच्या डॉक्टरांनी सवयीप्रमाणे पुडी पुढे केली. तिने नाव विचारले. "दुखण्याची गोळी आहे, घ्या," असे उत्तर मिळाले. तिने पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि नाव कळेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. बाहेर रोगी ताटकळले होते; डॉक्टर वैतागले, मग त्यांनी चष्मा लावून पुठ्ठा वाचला, पुडी परत घेतली आणि नुसत्या पॅरासिटेमॉलच्या गोळ्या दिल्या. त्या पुडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिले होते. ती पुडी तिने मला दाखवावयास आणली होती.